लाल खिंडीपर्यंत हसायचं

माझा भाऊ सादिरकुल गेला तेव्हा त्याच्या उशाशी कुणी नव्हतं. पहाटे मी नेहमीप्रमाणे मीठ घातलेला दुधाचा चहा घेऊन त्याच्याकडे गेले, दार ढकललं, तर तो भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडलेला. दोन हाका मारल्या. तिसरी मारली नाही. चहाचा वाडगा खिडकीत ठेवला, त्याचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर येऊन समोरच्या घरातल्या कानिबेकला उठवलं. कानिबेक आमच्या चुलतभावाचा मुलगा. चाळिशीला आलाय, पण ऐकल्याबरोबर ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. मी म्हटलं, "रड नंतर. आधी कासिमाली आक्सकालांना बोलावून आण." आक्सकाल म्हणजे आमच्याकडचा पांढऱ्या दाढीचा वडीलधारा.

तिथून पुढे मला उसंत मिळाली नाही. मला कामं सांगायला आवडतं, आणि गावालाही माझं ऐकायची सवय झालेली आहे. अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू कुठं उभारायचा, मेंढ्या कुणाच्या कळपातल्या आणायच्या, मुल्लाकडे कोण जाणार, सगळं माझ्याच तोंडून निघालं. आळीतल्या बाया जमल्या आणि हेल काढून रडायला लागल्या तेव्हा मी त्यांच्यावर खेकसले, "माझ्यासमोर नको गं! मला बुरुलला आणायला जायचंय. माझे डोळे सुजले तर पोरगी एका नजरेत ओळखेल." ओढ्यावर जाऊन गार पाण्यानं तोंड धुतलं. पाणी इतकं गार होतं की कपाळ दुखलं. बरं वाटलं.

बुरुल माझी भाची, सादिरकुलची धाकटी. सरोवराकाठच्या गावात दिलेली. तिच्या वरचा एल्दार मॉस्कोत टॅक्सी चालवतो. त्याला बातमी कशी कळली तेही सांगते, म्हणजे आमची रीत ध्यानात येईल. आपल्या गावची चार माणसं तिथं बांधकामावर आहेत, त्यांना मी फोन केला. ते चौघं त्याच्या खोलीवर गेले, त्याला चटईवर बसवलं, पाणी पाजलं, त्यांच्यातला वयानं मोठा होता त्यानं इकडचं तिकडचं बोलत बोलत त्याला त्या शब्दापर्यंत आणलं, आणि मग दोघांनी त्याला दोन बाजूंनी धरलं. मरणाची बातमी आम्ही कुणाच्या तोंडावर फेकत नाही. माणसाला बसवायचं, त्याच्याभोवती आपली माणसं हवीत, हातात पाणी हवं, आणि बोलणारा शहाणा हवा. उभ्यानं सांगायचं नाही, घोड्यावर असताना तर नाहीच नाही. माझ्या जावेला तिच्या भावाचं असंच कुणीतरी टपालकचेरीच्या दारात उभ्याउभ्या सांगितलं होतं. बाई जगली, पोरंबाळं वाढवली, पण त्या दिवसापासून तिला हसताना कुणी पाहिलं नाही.

आता अलीकडे या फोननं सगळा घोळ करून ठेवलाय. बुरुलकडे फोन होता. तेव्हा पहिलं काम मी हे केलं की तिच्या सासूला फोनवर गाठलं. विहीणबाई हुशार. "बघू गं तुझ्यातले फोटो," म्हणून सुनेचा फोन हातात घेतला आणि सरळ दह्याच्या पिंपात टाकला. वर स्वतःच बोंब मारली, "अगं बाई, निसटला!"

पूल गेल्या पुरात वाहून गेलाय. गाडीनं जायचं तर डोंगराला वळसा, अख्खा दिवस मोडतो. घोड्यावरून मातीच्या टेकड्यांमधून गेलं तर दुपारच्या आत पोचता येतं. म्हणून घोडे. माझी घोडी होती, कासिमालींचा पांढरा होता, कानिबेकचा होता. पण बुरुलला आणायला चौथा हवा, आणि गावातले सगळे घोडे वर कुरणावर गेलेले. राहिला होता फक्त सादिरकुलचा काश्का, कपाळावर पांढरा पट्टा असलेला. तो गोठ्यात उभा राहून धन्याची वाट बघत होता.

मी त्याच्यावर खोगीर चढवायला घेतलं तसे कासिमाली आक्सकाल पुढे झाले. "काल्बू, मेलेल्याचा घोडा? आणि त्यातून हा घोडा? अगं, सादिरकुलनं तो कधी..."

"धन्याला अजून मातीत ठेवलेलं नाही," मी म्हटलं. "तोवर घोडा त्याचाच. आणि तोच लेकीला आणायला पाठवतोय. बापाचा घोडा दारात बघितला की पोरगी खूश होईल, संशय कशाला घेईल?"

मी या आवाजात बोलले की पुढे कुणी बोलत नाही. कासिमालीही मागे सरले. रिकामं खोगीर घेऊन घोडा चालवणं बरं दिसत नाही, बघणाऱ्याला लगेच कळतं, म्हणून मी काश्कावर पिठाचं अर्धं पोतं लादलं. विहिणीला भेट म्हणून.

निघण्याआधी मी दोघांना बजावलं. "तिथं कुणी रडायचं नाही. 'आजारी आहेत' असंही म्हणायचं नाही, ते सगळेच म्हणतात. एल्दार मॉस्कोहून येतोय म्हणून बापानं बोलावलंय, एवढंच सांगायचं. ते खोटंही नाही, तो उद्या येतोच आहे. लाल खिंडीपर्यंत हसत राहायचं. तिथं तिला उतरवू, बसवू आणि आक्सकाल बोलतील. आणि आक्सकाल, तुम्ही मेहरबानी करून पक्ष्यांबद्दल अवाक्षर काढू नका."

याला कारण होतं. बातमी सांगण्यात कासिमालींचा हात धरणारा आमच्या सगळ्या खोऱ्यात नाही. पण गेली कित्येक वर्षं त्यांची गोष्ट एकच आहे. एका शिकाऱ्याचा ससाणा दोरी तोडून उडाला, शिकारी रानोमाळ हाका मारत फिरला, आणि शेवटी त्याला उमगलं की जो इतका उंच गेला तो खाली येत नाही. ही गोष्ट आता शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. कासिमालींनी लग्नात 'ससाणा' म्हटलं तरी बायका डोळ्यांना रुमाल लावतात.

"मग मी बोलू तरी काय?" म्हातारा कुरकुरला.

"मेंढ्यांच्या भावाबद्दल बोला."

त्या टेकड्यांमधून मी लहानपणापासून जातेय. तिथं गवताची काडी उगवत नाही. खाली पिवळी माती, तिच्यावर पांढऱ्याचा पट्टा, मग विटकरी लाल, मध्येच हिरवट राखाडी, आणि पावसानं सगळ्याला उभ्या चिरा पाडलेल्या. ओहोळाच्या कडेला तेवढा रानदवणा, घोड्याचा पाय पडला की वास येतो. सादिरकुल आणि मी लहान असताना तिथल्या लाल मातीनं तोंड रंगवून आईला घाबरवायचो.  जाताना कानिबेक मागे नाक ओढत होता. मी त्याला दोनदा दटावलं.

बुरुल दारातच भेटली, हात कोपरापर्यंत पिठात माखलेले. आधी माझ्याकडे बघून हसली आणि मग तिला काश्का दिसला. ती त्याच्याकडे बघत राहिली. काश्कानं मान पुढे करून तिचा खांदा हुंगला.

"काश्का?" ती म्हणाली.

"तुझ्या बापानं पाठवलाय," मी म्हटलं. "एल्दार येतोय. रजा मिळाली म्हणे. म्हणाले, जा, लेकीला घेऊन ये, सगळे एकत्र जेवू."

बुरुलनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मी हसू काही सोडलं नाही. मग तीही हसली. "म्हणजे म्हाताऱ्याला शेवटी पाझर फुटला म्हणायचा! थांबा एजे, कपडे घेऊन येते."

आमच्यात बापाच्या बहिणीला एजेच म्हणतात, थोरल्या बहिणीला म्हणतात तसंच, आणि बापाला अताके. ती आत गेली ती बराच वेळ आली नाही. विहीणबाईंनी नान आणि लोणी पुढे ठेवलं, माझा हात टेबलाखाली धरून दाबला आणि तोंडानं मात्र मोठ्यानं म्हणाल्या, "आमची सून म्हणजे नुसती भटकभवानी! माहेरचं नाव निघालं की लागली पळायला!"  बुरुल बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि काखेत एक गाठोडं होतं.

"एवढं काय घेतलंस?" मी विचारलं.

"भावासाठी सदरे शिवलेत."

तिचा नवरा मेदेर आमच्याबरोबर निघाला. त्याला सगळं ठाऊक होतं. पण तो मुळातच मुखदुर्बळ, लग्नातसुद्धा धड चार शब्द बोलला नव्हता, त्यामुळे त्याच्याकडून काही फुटण्याची भीती नव्हती. पिठाचं पोतं उतरवलं, मी काश्काच्या रिकिबी बुरुलच्या पायाच्या मापानं वर घेतल्या, आणि ती चढून बसली. बसल्या बसल्या पुढे वाकून तिनं काश्काच्या आयाळीत तोंड खुपसलं. मला वाटलं, आनंद झाला. मी स्वतःवर खूश झाले. माझी युक्ती बरोबर लागू पडली होती.

आणि मग आमची ती वरात निघाली. वरातच म्हणायची, कारण इतकं हसत लग्नालाही कुणी गेलं नसेल. मी कानिबेकची खोड काढली, कानिबेकनं कासिमालींच्या पांढऱ्याची, कासिमाली मेंढ्यांचा भाव सांगत सुटले. ओझं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तोंडाचे स्नायू दुखायला लागले होते. पण बुरुल आम्हा सगळ्यांवर ताण करत होती.

"कानिबेकदादा, डोळे का लाल? वहिनीनं झोडलं की काय?"

"धूळ गेली गं."

"काल तर पाऊस झाला. धूळ कुठली?"

"मग... कांदा चिरत होतो."

"तुम्ही? कांदा?" ती खिदळली. "आक्सकाल, ऐकलंत का? आज मॉस्कोवाला एल्दार सुट्टीवर येतो, अताके काश्का देतात आणि कानिबेकदादा कांदा चिरतात! प्रलयच यायचा बाकी आहे."

आम्ही सगळे हसलो. गरजेपेक्षा मोठ्यानं हसलो. पिवळ्या टेकड्यांमधून तो हसण्याचा आवाज परत आला तेव्हा मला आमचीच लाज वाटली. अरे, घरी माझा भाऊ थंड पडलाय आणि मी इथं दात काढतेय! पण लगेच दुसरं मन म्हणायचं, काल्बू, लाल खिंडीपर्यंत. फक्त लाल खिंडीपर्यंत.

पांढऱ्या पट्ट्यापाशी पोचलो तेव्हा आकाशात एक ससाणा घिरट्या घालत होता. मी बघितला, कानिबेकनं बघितला, मेदेरनं तर मानच खाली घातली. कासिमाली घोड्याच्या कानांच्या मधोमध बघत राहिले, जणू तिथं काही लिहिलं होतं. 

"आक्सकाल!" बुरुलच ओरडली. "ससाणा बघा केवढा! तुमची ती ससाण्याची गोष्ट सांगा ना."



"कुठली... ती विसरलो मी," कासिमाली म्हणाले.

"कशी विसराल? आईच्या वेळी याच रस्त्यावर मला सांगितली होतीत."

"म्हातारपण, पोरी. सगळं विसरायला होतं."

"त्यांना आता जेवणाशिवाय काही आठवत नाही," मी मध्ये पडले. "आणि तू गं, नको तिथं कशाला तोंड घालतेस? चल, घोडा हाक, उशीर होतोय." माझा आवाज चिरकला. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मी मनाची समजूत घातली की मलाच तसं वाटतंय. पोरगी आपली सहज बोलली. आईची आठवण आली असेल.

 थोड्या वेळानं बुरुलनं काश्काला मागे घेतलं आणि माझ्या घोडीच्या बरोबरीनं चालवायला लागली. बाकीचे पुढे गेले. लाल माती सुरू झाली होती. ऊन तिच्यावर पडून आमच्या हातांवर, घोड्यांच्या पोटांवर लाल झाक आली होती.

"एजे," ती म्हणाली, "सकाळी अताकेंना चहा दिलात?"

"दिला की. रोज देते तसा."

"प्याले?"

मी घोडीची आयाळ सारखी करायला लागले. सारखं करण्यासारखं तिथं काही नव्हतं. "गरम होता," मी म्हटलं. "खिडकीत ठेवलाय."

"मीठ कमी म्हणून भांडले असतील."

"ते भांडल्याशिवाय राहतात का?"

 तिनं माझ्याकडे बघितलं नाही. एकाएकी टाच मारून काश्काला दौडवत ती पुढे गेली, कासिमालींना ओलांडून, मेदेरला ओलांडून, "गाठा मला!" म्हणून ओरडत. मेदेर घाबरून तिच्या मागे लागला. मी मागे एकटी राहिले. मला वाटलं, जाऊ दे, हसू दे, हे तिचं शेवटचं हसू, नंतर कितीतरी दिवस तिला हसता यायचं नाही.

लाल खिंडीत आम्ही पोचलो तेव्हा ती उतरून उभी होती. खिंडीच्या पलीकडे उतार आहे आणि उतार संपला की आमचं गाव. दोन पावलं पुढे गेलं असतं तर अंगणातला पांढरा तंबू दिसला असता. ती तेवढी दोन पावलं पुढे गेली नव्हती. तिनं काश्काच्या खोगिरावरचा नमदा काढून लाल मातीवर अंथरला होता.

कासिमाली जड अंगानं उतरले. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली आणि वाटी काढली.  मी डोळ्यांनीच कानिबेकला खुणावलं की तिच्या डावीकडे उभा राहा.

पण बुरुल माझ्याकडे आली आणि माझी रिकीब धरली. "उतरा, एजे."

"मला काय धरतेस? मी काय म्हातारी झाले?"

"उतरा."

उतरले. तिनं मला दंडाला धरून नमद्याकडे नेलं. "बसा."

"काय चाललंय हे? तू बस. आक्सकालांना तुझ्याशी बोलायचंय."

"तुम्ही बसा," ती म्हणाली. तो आवाज माझा होता. आमच्या घराण्याचा. त्या आवाजापुढे कोणी बोलत नाही, म्हणून मीही बसले. ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि कासिमालींकडे वळली. "आक्सकाल, तुमची परवानगी असेल तर आज मी बोलते."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. मला तोवरही कळलेलं नव्हतं. त्यानं पाण्याची वाटी भरून तिच्या हातात दिली आणि मागे सरकला.

"एक बहीण होती," बुरुल म्हणाली. "तिची जीभ फार तिखट. अख्खं गाव तिला घाबरायचं. तिचा भाऊ तेवढा घाबरत नव्हता. भावाची बायको गेल्यापासून ती रोज पहाटे त्याला चहा न्यायची. तो रोज म्हणायचा, मीठ कमी आहे. ती म्हणायची, तुझी जीभ मेलीय. आणि तो वाडगा रिकामा करून द्यायचा."

"बुरुल..."

"ऐका. आज पहाटेही ती चहा घेऊन गेली. भावानं वाडगा हातात घेतला नाही. मग तिनं तो खिडकीत ठेवला आणि सगळ्यांना सांगायला निघाली. कानिबेकदादांना सांगितलं. आक्सकालांना सांगितलं. मॉस्कोला सांगितलं. सगळ्यांना बसवून, धरून, पाणी पाजून सांगायची व्यवस्था केली. तिला मात्र कुणी बसवलं नाही. तिच्या हातात कुणी पाणी दिलं नाही. तिला कुणी सांगितलंच नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं पण आवाज हलत नव्हता. कुठून आणलं त्या पोरीनं एवढं बळ, मला ठाऊक नाही.

"माझ्या लग्नात मी काश्का मागितला होता," ती म्हणाली. "आठवतं? एका दिवसासाठी. अताके म्हणाले, मी जिवंत आहे तोवर या घोड्यावर दुसरं कुणी बसणार नाही. मी रुसले होते. आज तुम्ही हसत हसत त्याचा लगाम माझ्या हातात दिलात."

हे मला ठाऊक नव्हतं का? सगळ्या गावाला ठाऊक होतं. मीच त्या दिवशी दोघांच्या मध्ये पडून भांडण मिटवलं होतं. कासिमाली गोठ्यात तेच सांगत होते आणि मी त्यांचं तोंड बंद केलं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि ते ठिकाणावर नाही हे मला सांगायची कुणाची छाती नव्हती.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं. "अख्खी वाट हसत आलीस!"

"तुम्ही हसत होतात म्हणून. तुम्ही इतक्या कष्टानं हसत होतात, एजे." तिनं माझे दोन्ही हात वाटीभोवती धरले. "न मरणारं माणूस देवानं घडवलं नाही. मन घट्ट करा. तुमचा भाऊ गेला. माझे अताके गेले."

मी म्हणणार होते की मला माहीत आहे, मीच तर पाहिलं. तोंड उघडलं आणि त्यातून जे निघालं ते माझ्या ओळखीचं नव्हतं. वाटी सांडली. बुरुलनं मला एका बाजूनं धरलं, कानिबेकनं दुसऱ्या, आणि मी माझ्या भावाचं नाव घेऊन ओरडले, त्याच्याबरोबर जिथं तोंड रंगवून धावले होते त्या मातीवर डोकं टेकून ओरडले. पहाटेपासून मी त्याच्या मरणाची सगळी तयारी केली होती. तो मेला हे मला आत्ता कळत होतं. कासिमाली, ज्यांना खोऱ्यात शब्दांसाठी बोलावतात, ते काही न बोलता घोड्याच्या मानेवर कपाळ ठेवून रडत होते.

बऱ्याच वेळानं बुरुलनं गाठोडं सोडलं. त्यात भावाचे सदरे नव्हते. तिचा काळा पोशाख होता आणि दोन काळे रुमाल होते. एक तिनं स्वतःच्या डोक्याला बांधला. दुसरा माझ्या.

"दोन आणलेस?" मी विचारलं.

"तुम्ही स्वतःसाठी विसरणार हे मला माहीत होतं."

ती पुन्हा काश्कावर बसली नाही. मेदेरच्या मागे बसली, आणि काश्काला रिकाम्या खोगिरानं लगाम धरून बरोबर घेतलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. उतारावर आलो तसे पुरुषांनी रीतीप्रमाणे घोडे दौडवले आणि "हाय माझ्या काळजा" म्हणून हंबरडा फोडत गावात शिरले. अंगणात तंबूबाहेर काठ्या टेकून उभी असलेली माणसं उलट हंबरडा फोडायला लागली. बुरुल आणि मी एकमेकींच्या कमरेला धरून आत गेलो आणि त्याच्या पायाशी बसून, भिंतीकडे तोंड करून, गळे मोकळे सोडले. मी काय काय म्हटलं ते आठवत नाही. बाया म्हणतात, अख्खं गाव रडवलंस.

तिन्हीसांजेला बाया जरा थांबल्या तेव्हा बुरुल उठून घरात गेली. मी तिच्या मागोमाग गेले. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीत वाडगा तसाच होता, वर साय धरलेली. मीच सकाळी कुणाला तरी ओरडले होते म्हणे, हात लावू नका म्हणून.

बुरुलनं वाडगा उचलला, साय बोटानं बाजूला केली आणि अर्धा चहा प्यायली. अर्धा माझ्यापुढे केला. गार झालेला चहा मी एका दमात संपवला.

मीठ खरंच कमी होतं.